सात नंबरची पातळी

आमच्या गल्लीत तिला 'आठची बाई' म्हणत. बाई म्हणावे असे तिचे वय नव्हते, चोविसावे नुकतेच लागले होते. पण सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती जिना उतरली की कोपऱ्यावरचा शिंपी आपले घड्याळ तिच्याशी जुळवून घेई, आणि अशा माणसाला एकेरी हाक मारायला जीभ वळत नाही. "आठ वाजता जग बुडायचं असलं तर आधी हिची परवानगी काढावी लागेल," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. खालच्या मजल्यावरच्या काकूंची माहिती याहून खोल होती. "नोकरी फोनवर, जुळलंय तेही फोनवर," त्या म्हणत, "आता मुलंबाळं तेवढी फोनवर झाली की सुटली!" तिच्या आईला ऐकू जाईल अशा बेताने त्या हे बोलत, आणि ऐकू गेल्याची खात्री झाली की "चेष्टेनं म्हटलं हो" अशी पुस्ती जोडत.

काकूंचे चुकत नव्हते. ती पाणी खात्याच्या कार्यालयात फोनवर बसत असे. नदीच्या वरच्या अंगापासून खालच्या धरणापर्यंत खात्याची अकरा मोजणी केंद्रे होती. प्रत्येक केंद्रावर एक माणूस, एक खोली, एक फोन आणि काठाला पाण्यात उभी केलेली एक मोजपट्टी. त्या माणसाने रोज सकाळी पायऱ्या उतरून पट्टीवर पाणी कुठे टेकले आहे ते वाचायचे आणि आठ वाजल्यापासून आपल्या पाळीने फोन करून तो आकडा कळवायचा. तिने तो ऐकायचा, परत वाचून दाखवायचा आणि मगच नोंदवहीत उतरवायचा. परत वाचल्याशिवाय लिहायचे नाही, हा तिथला पहिला नियम. या कामात माणसांना नावे नव्हती. 'तीन नंबर, बोला', 'पाच नंबर, ऐकू येत नाही', असा सगळा व्यवहार. तेव्हा खिशातले फोन आले नव्हते, आणि आले असते तरी त्या दऱ्याखोऱ्यांत चालले नसते.

सात नंबरचा माणूस नेमणुकीवर जाण्यापूर्वी दहा दिवस शिकायला कार्यालयात आला, तेव्हा आकडे कसे सांगायचे हे तिनेच त्याला शिकवले. तो उंच होता, आणि दारातून आत येताना गरज नसलेल्या ठिकाणीही वाकत असे. आईवडील नव्हते, शिवणकाम करणाऱ्या मोठ्या बहिणीने त्याला वाढवले होते. शेवटच्या दिवशी तालीम म्हणून त्याला पलीकडच्या खोलीतल्या फोनवर बसवले.

"सात नंबर, बोला."

"दोन मीटर चौदा. आणि इथून जावंसं वाटत नाही, तुमच्यामुळं."

"परत वाचते," ती सवयीने म्हणाली. "दोन मीटर चौदा."

"पुढचं नाही वाचणार?"

"पुढचं नोंदवहीत बसत नाही," असे तिने सुनावले खरे, पण कान इतका तापला की तिला फोन दुसऱ्या कानाला लावावा लागला. तो कानही तापलेलाच होता.

दोन वर्षांनी शहरात बदली, अशी त्याची नेमणूक होती. दोन वर्षे काय, बघता बघता जातील, असे दोघांनी ठरवले. बसने तिथवर अकरा तास लागत. तो सहा महिन्यांतून एकदा येई. एरवी ती पत्रे लिही, रविवारी दुपारी अर्धा तास बोलायचे, आणि रोज सकाळी आठ वाजून अठरा मिनिटांनी त्याचा आकडा. त्या आकड्याच्या आगेमागे खात्याच्या नजरेत न येतील एवढी दोन वाक्ये मावत. "जेवलास?" "जेवलो." एवढ्यावर तिचा दिवस निघे. आई म्हणे, "अगं, डोळ्यांसमोरचा माणूस जन्मभर कळत नाही. तारेच्या टोकाला बांधलेला कसा कळायचा?" त्यावर ती हसून सांगे, की समोरची माणसे तोंडावर हसू आणू शकतात, फोनवर मात्र आवाज उघडा पडतो. आपल्याला त्याचा आवाज कळतो, हा तिचा अभिमान होता.

दोन वर्षे भरली आणि बदलीऐवजी एक वर्ष मुदतवाढ आली. तो आधी चिडला, मग थट्टा करू लागला, आणि मग हळूहळू गप्प झाला. रविवारचा अर्धा तास वीस मिनिटांवर आला, पुढे दहावर. त्या दहांतली सात मिनिटे तीच बोले. पलीकडून श्वास ऐकू येई.

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू? तेच पाणी, तीच खोली."

"बरं नाहीये का?"

"बरं आहे. झोप येते फार."

त्या दिवसांत तिच्या मनात पहिल्यांदा भीती शिरली, आणि शिरली ती रोज सकाळी साडेसातला जागी होणारी अशी. एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत सगळ्यांचे आकडे घेताना तिची बोटे थंड पडत जात. आठ अठरा. घंटा वाजेपर्यंत ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसे. आठ एकोणीस. आठ वीस. घंटा वाजे, तो मंद, पाण्याखालून यावा तसा आवाज आकडा सांगे, आणि मग कुठे तिचा श्वास सुटे. पुढच्या सकाळपर्यंत एक दिवस पदरात पडला, असे ती मनाशी म्हणे.

मग आकड्यांनीच तिला सांगितले.

दोन चौदा, दोन तेरा, दोन बारा, दोन अकरा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरते हे ठीक. पण नदी अशी जिन्यावरून उतरावे तशी रोज एकेक पायरी उतरत नाही. कधी अडते, कधी दोन बोटे उतरते, वरून शेतांसाठी पाणी सोडले की चढतेही. त्याच आठवड्यात वरच्या तलावातून पाणी सोडले होते. पाच नंबर चढला, सहा नंबर चढला, खाली आठ नंबरही चढला. मधला सात मात्र आपला एकेक सेंटिमीटर शिस्तीत उतरत होता. सहा आणि आठ भिजले आणि मधला सात कोरडा राहिला, असे पाणी तिने पाहिले नव्हते.

रविवारी तिने विचारले, "पट्टीपाशी उतरतोस ना रोज?"

"उतरतो."

"पायऱ्यांवर शेवाळ आलंय का रे यंदा?"

तो म्हणाला, "छप्पन्न पायऱ्या आहेत. दारापर्यंत जातो मी. खरंच जातो. दाराशी गेलो की पाय वळत नाहीत. मग खाटेवर येऊन बसतो आणि तुला काय सांगायचं ते ठरवतो."

"कधीपासून?"

"कुणाला सांगू नकोस. काढून टाकतील मला. दोन दिवसांत होईन मी ठीक."

कोणतीही तिशीच्या आतली मुलगी जे करील तेच तिने केले. ऊठ, तोंड धू, जरा फिरून ये, असे सांगितले. खात्याची जी गाडी आठवड्याला एकदा सामान वळणावर ठेवून जाते तिच्या चालकाशी बोलत जा, असे सांगितले. त्याने सगळ्याला हो म्हटले. आणि मग तिने असे एक काम केले, जे फक्त तिच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसालाच सुचले असते. दुसऱ्या दिवशी त्याने "दोन दहा" सांगितले. तिने "परत वाचते, दोन दहा" म्हटले. आणि नोंदवहीत लिहिले दोन सतरा. वर सहा नंबरला किती चढले, खाली आठ नंबरला किती पोहोचले, मधल्या वळणावर पाणी किती रेंगाळते, हे तिला तीन वर्षांच्या नोंदींवरून तोंडपाठ होते. त्यावरून सात नंबरची पातळी ती शहरात बसून काढू लागली. एक दिवस, दोन दिवस. तो बरा होईपर्यंत.

असे तेवीस दिवस झाले.

तिने काढलेले आकडे इतके चोख असत, की एकदा साहेब नोंदवही घेऊन तिच्या टेबलाशी आले. साहेब म्हणजे सुकलेल्या शेंगेसारखा माणूस. कानामागे लाल पेन्सिल, आणि कौतुकाच्या बाबतीत हात कायम आखडलेला. सात नंबरच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून ते म्हणाले, "हा मुलगा बघा. बाकीचे डोळे झाकून पट्टी वाचतात. याचा आकडा वरच्या-खालच्याशी केसाएवढाही चुकत नाही. तपासणीच्या दौऱ्यात सात नंबर गाळा. तिथं जाऊन काय बघायचंय? त्या वेळात नऊ नंबरची उशिराची खोड मोडू."

ती "बरं साहेब" म्हणाली. दौऱ्याच्या कागदावर तिनेच आपल्या हाताने सात नंबरवर रेघ मारली. साहेब तिथे गेले असते तर त्यांनी दार वाजवले असते, खोलीतला माणूस पाहिला असता. हे तिला रेघ मारतानाच कळले होते आणि तरीही तिने ती मारली. कारण साहेबांनी त्याला पाहिले म्हणजे त्याची नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे तो कायमचा खचला, एवढेच गणित तिच्या डोक्यात बसले होते. साऱ्या नदीचे गणित जिला येत होते, तिला हे आले नाही.

तेविसाव्या दिवशी फोन आठ अठराला, अगदी वेळेवर वाजला.

"सात नंबर, बोला."

"एक अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. कितीतरी आठवड्यांत असा आवाज तिने ऐकला नव्हता; मळभ फाटून लख्ख ऊन पडावे तसा. तिला इतका आनंद झाला की परत वाचायचे राहिले.

"आज बरं वाटतंय का रे?"

"आज मोकळं वाटतंय. ऐक, उद्याचं एक सत्त्याऐंशी लिही. परवाचं एक शहाऐंशी. पुढचं तू काढशीलच. माझ्यापेक्षा तू छान काढतेस."

"म्हणजे? तुला कसं कळ—"

"वळणावरच्या गाडीवाल्यानं सांगितलं, साहेब माझ्या आकड्यांची तारीफ करत होते म्हणून. मी कुठं मोजतो? तूच असणार." तो किंचित हसला. "छान काढतेस. ठेवतो."

फोन ठेवल्यावरही ती क्षणभर त्या हसण्यातच होती. हातातले पेन 'एक सत्त्याऐंशी' लिहायला उद्याच्या रकान्याकडे गेलेसुद्धा. रकाना कोरा होता. उद्याचा रकाना कोराच असतो. तीन वर्षांत अकरा केंद्रांवरच्या एकाही माणसाने, आळशातल्या आळशानेही, उद्याची पातळी आज सांगितली नव्हती. ज्याला उद्या फोन करायचा आहे तो उद्या सांगेल.

तिने सात नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. पुन्हा फिरवला. वाजत राहिली. तिसऱ्यांदा फिरवण्यासाठी फोन खाली ठेवला तोच तो तिच्या हाताखाली किंचाळला.

"आठ नंबर!" बंधाऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा आवाज. त्याला सगळे दादा म्हणत, आणि दादाचा फोन सगळे कानापासून चार बोटे दूर धरत. "काय गं पोरी, आज लाइन मिळेना. सात नंबराशी लग्नाची तिथी काढत होतीस का?"

"दादा, ऐका. तुमच्यापासून सात नंबर किती लांब?"

"बारा किलोमीटर. सायकलीनं सव्वा तास. वाटेत कुत्री धरून दीड."

"आत्ता जाल? आत्ताच्या आत्ता?"

म्हाताऱ्याच्या आवाजातली चेष्टा गेली. "साहेबांच्या हुकमाशिवाय बंधारा सोडता येत नाही पोरी. मागं जावयाला आणायला तासभर गेलो तर जबाब द्यावा लागला. हुकूम घे, हा निघालो."

"फोन ठेवू नका. तसाच धरून ठेवा."

साहेबांच्या खोलीपर्यंत अठरा पावले होती. तेवढ्या पावलांत तिने तीन खोटी कारणे शोधली. सात नंबरचा फोन बिघडला म्हणावे, तर साहेब तारवाल्याला पाठवतील आणि तो दुपारी आपल्या फेरीने जाईल. ताप आला म्हणावे, तर गोळ्या पाठवतील, गाडीबरोबर. पाणी वाढले म्हणावे, तर आधी सहा नंबरला विचारतील. कुठलेही कारण एका तासाच्या आत माणूस पळवणारे नव्हते. खरे तेवढे होते, आणि ते सांगितले तर त्याच्याबरोबर तीही रस्त्यावर येणार होती, वर तो तिला जन्मात क्षमा करणार नव्हता. हेही सगळे तिला त्या अठरा पावलांत दिसले. आणखी एक दिसले: तिची चूक असेल, तो आज खरोखरच बरा असेल, आता पायऱ्या उतरून पट्टीपाशी गेला असेल आणि म्हणून फोन उचलत नसेल. या शेवटच्या विचाराने तिला दाराशी जवळजवळ थांबवले होते, असे ती पुढे अनेकदा म्हणाली.

"साहेब, दादांना सात नंबरवर पाठवायचा हुकूम द्या. ते लाइनवर आहेत."

"का? पाणी वाढलं?"

"पाणी नाही. माणूस. साहेब, सात नंबरच्या तेवीस दिवसांच्या नोंदी खोट्या आहेत. त्यानं मोजल्या नाहीत. मी इथं बसून काढल्या."

साहेबांचा हात कानामागे पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. नंतर काय ते करा माझं. त्याला महिनाभर खाटेवरून उठवत नाही. मला माहीत होतं. आज त्यानं उद्याची पातळी सांगितली. परवाचीही."

"उद्याची?"

साहेबांची तीस वर्षे या खात्यात गेली होती. त्यांना आणखी काही समजवावे लागले नाही. खुर्ची मागे पडली ती त्यांनी उचललीही नाही. येऊन फोन स्वतः हातात घेतला. "दादा, मी बोलतोय. नोंद राहू दे, बंधारा राहू दे. सायकल काढ. दार लावलेलं असलं तरी परत फिरायचं नाही. त्याच्याच फोनवरून मला कळव."

मग ते दीड तास.

ती लाइन मोकळी ठेवायची तर उरलेल्या केंद्रांचे आकडे घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते. ते घेतले नसते तर माणसे फोन करीत राहिली असती. नऊ नंबरने नेहमीप्रमाणे उशीर केला आणि नेहमीप्रमाणे बैलगाडी आडवी आली म्हणून सांगितले. दहा नंबरला सासरवाडीचा किस्सा ऐकवायचा होता. ती प्रत्येकाचा आकडा परत वाचीत होती, आणि तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. अकरा नंबर म्हणाला, "बाई, आज गळा बसलाय वाटतं." ती म्हणाली, "हो." साहेब तिच्या टेबलाच्या कोपऱ्याला टेकून उभे होते. बसा म्हणायचे तिला सुचले नाही, आणि तेही बसले नाहीत. मध्ये एकदा त्यांनी नोंदवही ओढून सात नंबरचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. कार्यालयातली इतर माणसे एकेक करून आली, दोघांकडे पाहून जागेवर गेली. छताच्या पंख्याचा आवाज तिने तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

नऊ वाजून पंचावन्न मिनिटांनी घंटा वाजली. साहेबांनी हात पुढे केला. मग मागे घेतला आणि तिला खूण केली. तिच्याने फोन उचलवेना. तिसऱ्या घंटेला उचलला.

"आहे," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "माणूस आहे, पोरी. रडू नकोस, नीट ऐक. दार आतून लावलेलं. मी म्हटलं, बाबा रे, म्हातारा आहे, सायकलीनं जीव गेला माझा, घोटभर पाणी तरी दे. बराच वेळ काही नाही. मग उघडलं. पाणी दिलं मला. आता बसलाय खाटेवर. बोलत नाही."

"खोलीत... खोलीत काय आहे, दादा?"

म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "सगळं आवरलंय. कपड्यांच्या घड्या. किल्ल्या टेबलावर, तुझ्या पत्रांचा गठ्ठा बांधून वर कागद. मी तो वाचला नाही आणि तुलाही वाचून दाखवणार नाही. मी इथनं हलत नाही. साहेबांना सांग, बंधारा वाहून गेला तरी हलत नाही. कुणीतरी पाठवा लवकर."

साहेबांनी खात्याची जीप दिली. वाटेत त्याच्या बहिणीला घेतले. ताई सुई टोचलेल्या बोटाला बांधलेल्या चिंधीसकट तशीच गाडीत बसली आणि पहिले चार तास खिडकीबाहेर बघत राहिली. मग एकाएकी वळून तिने विचारले, "तेवीस दिवस?"

"हो."

"मला एक फोन नाही केलास? मी त्याची कोण होते गं? दहा वर्षांचा असताना तो असाच पडून राहायचा भिंतीकडे तोंड करून. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तारेवरचा आवाज आपल्यालाच कळतो, या तिच्या अभिमानाचे त्या गाडीत काय झाले ते ती कुणाला सांगत नाही.

सूर्य मावळता मावळता त्या तिथे पोहोचल्या. त्याने तिला ओळखले, पण उठला नाही. डोळे कोरडे होते. "कशाला आलीस?" एवढेच म्हणाला. खोलीच्या दारातून त्या छप्पन्न पायऱ्या दिसत होत्या. खालच्या पायऱ्यांवर कुणाचे पाऊल पडल्याचे चिन्ह नव्हते. हिरवे शेवाळ सरसकट पसरले होते. दादा दाराच्या उंबऱ्यावर, वाट अडवून, दमून डुलत बसला होता. सकाळपासून तो तिथून उठला नव्हता.

शहरातल्या इस्पितळात त्याला अडीच महिने ठेवले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गोड बोलत नसत. नैराश्य हा आजार आहे, हुकलेली बदली हे त्याचे कारण नव्हे, निमित्त आहे, हे त्यांनी ताईला आणि तिला दोन वेळा समजावले. "तुम्ही त्याला आजारी केलं नाहीत, आणि बरंही तुम्ही करणार नाही. औषधं करतील, वेळ करील, तो करील. तुम्ही एकच केलंत: लपवलंत. ते मात्र पुन्हा नको."

खात्यात चौकशी झाली. पावसाळा असता तर त्या खोट्या आकड्यांवर खालच्या वस्त्या बुडाल्या असत्या, असे साहेबांनी अहवालात लिहिले; ते खरेच होते. त्याच अहवालात शेवटी, तिने स्वतःहून सांगितले नसते तर एक माणूस गेला असता, असेही लिहिले. त्याची नोकरी गेली. तिला फोनवरून उठवून तळघरातल्या जुन्या नकाशांच्या कोठीत बसवले. तिथे फोन नाही. शिंपी आता घड्याळ कशाशी जुळवतो कोण जाणे. ती साडेनवाला जिना उतरते. काकू मध्यंतरी तिच्या आईला म्हणाल्या, "मुलगी शहाणी आहे हो तुमची, तोडेल आता." आईने पहिल्यांदाच त्यांना उलट विचारले, "तुमचे हे दमेकरी आहेत. तुम्ही कधी तोडताय?" काकू दोन महिने बोलल्या नाहीत.

भीती मात्र गेली नाही. तो ताईकडे राहू लागला, शिवणाची मापे घेऊ लागला, संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला येऊ लागला. तरी तो पाच मिनिटे उशिरा आला की तिची बोटे थंड पडत. त्याहून वाईट म्हणजे तो खळखळून हसला की पडत. चांगल्या आवाजाचीच तिला धास्ती बसली होती. त्याला ते कळत होते आणि त्याचा जीव गुदमरत होता. एका संध्याकाळी इस्पितळातून गोळ्या आणून परतताना पुलाच्या अलीकडच्या बाकावर तो थांबला.

"तू रोज माझा चेहरा तपासतेस," तो म्हणाला. "पट्टी वाचावी तसा."

"हो."

"सगळ्या खात्याला माझं कळलं. अकरा केंद्रांवर. दादा अजून दर आठवड्याला पत्र टाकतो, जेवलास का म्हणून. मला लाज वाटते, कळतंय का तुला? त्या दिवशी तू आतल्या आत काहीतरी करायला हवं होतंस. साहेबांना सांगायला नको होतं."

त्याने तिचा हात धरला. त्याचा हात उबदार होता, तिचा नव्हता.

"मी गोळ्या घेतोय. घेत राहीन. पण परत तसं झालं तर," तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, होऊ शकतं. तर निदान आपल्या दोघांतच ठेवशील? मला शब्द दे, कुणाला सांगणार नाहीस."

"सांगणार. त्याच दिवशी सांगणार, भेटेल त्याला सांगणार. चिडायला तू असलास म्हणजे झालं."